शेवटचा स्लॅश लावायचा की काढायचा, आणि पाठवलेली नोंद जाते कुठे?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये हिशेबपट्टीची यंत्रणा केली आहे. पुढे विनंत्या आधी झेलून आत पाठवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि दुकानातली मंडळी अँड्रॉइड ॲपवरून नोंदी करतात. बाजारभावाचं एकच पान गूगलमध्ये दोन पत्त्यांनी दिसतं, एक शेवटी स्लॅश असलेलं आणि एक नसलेलं. शिवाय ॲपमधून केलेल्या काही नोंदी कसलीही एरर न दाखवता गायब होतात. एक मित्र म्हणतो सगळीकडचा स्लॅश काढा, दुसरा म्हणतो सगळीकडे लावा. यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलं आहे.

दोघांचंही चालतं. तुमची अडचण वेगळीच आहे. स्लॅशचा निर्णय तुमच्याकडे चार जणांनी आपापल्या मनानं घेतला आहे: जँगोनं, एनजिनएक्सनं, ॲप लिहिणाऱ्यानं आणि टेम्प्लेटमध्ये हातानं लिंका टाकणाऱ्यानं. गूगलचं काम दमानं केलं तरी चालेल. गायब होणाऱ्या नोंदींचं मात्र आजच बघा, कारण त्यात शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब अडकला आहे. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

(वाचायला सोपं जावं म्हणून खाली सगळे पत्ते मी देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्याकडे ते रोमनमध्ये असतील, त्यानं काही फरक पडत नाही.)

२०१७ च्या सुरुवातीची गोष्ट. त्या हंगामात तूर अमाप पिकली होती, लातूरच्या मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका आडत्याच्या ॲपची नवीन आवृत्ती आम्ही आदल्या रात्री फोनमध्ये टाकली होती. दुपारी सौदा निघाला, मापं सुरू झाली. मुनीम एकेका शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव भरून बटण दाबत होता आणि दर वेळी हिरवी खूण येत होती. संध्याकाळी पट्ट्या छापायला घेतल्या, तर त्या दिवसाची एकही नोंद यादीत नाही. औसा तालुक्यातले एक आजोबा काउंटरपाशी मापाड्याची कच्ची चिठ्ठी धरून उभे होते आणि त्यांच्या गावाची शेवटची गाडी निघायच्या बेतात होती. हमाली, तोलाई वजा जाता हातात किती येणार, हे सांगणारा कागद आमच्या चुकीमुळे निघत नव्हता. मुनीमानं कच्च्या चिठ्ठ्यांवरून सगळं पुन्हा वहीत उतरवलं, तेव्हा कुठे माणसं घरी गेली.

रात्री लॉग उघडला. प्रत्येक नोंदीच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत पोस्ट, म्हणजे माहिती पाठवणारी विनंती, पत्ता /एपीआय/पट्ट्या आणि उत्तर ३०१, म्हणजे कायमचा दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणारा रीडायरेक्ट. लगेच खालच्या ओळीत गेट, म्हणजे माहिती मागणारी विनंती, पत्ता /एपीआय/पट्ट्या/ आणि उत्तर २००, म्हणजे सगळं ठीक. नव्या आवृत्तीत पत्ता लिहिताना शेवटचा स्लॅश राहून गेला होता, एवढंच झालं होतं.

आता हे घडतं कसं ते बघा, कारण तुमच्याकडेही हेच चाललंय अशी माझी जवळपास खात्री आहे. जँगोत अपेंड स्लॅश नावाची सेटिंग आहे आणि ती मुळातच चालू असते. आलेला पत्ता तुम्ही जँगोत लिहिलेल्या पत्त्यांच्या कुठल्याच पॅटर्नला जुळत नसेल, पण स्लॅश लावल्यावर जुळत असेल, तर कॉमन मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी तपासणारा जँगोचा थर) स्लॅशवाल्या पत्त्याकडे ३०१ नं पाठवतं. साध्या पानासाठी ही चांगली सोय आहे. पोस्टच्या वेळी मात्र घात होतो. ३०१ आला की ब्राउझर आणि बहुतेक क्लायंट लायब्रऱ्या पुढची विनंती पोस्टऐवजी गेट म्हणून करतात. ही जुनी सवय इतकी पक्की झाली की एचटीटीपीच्या मानकानंही तिला मुभा देऊन टाकली. गेट झाला की सोबतचा मजकूर गळून पडतो. सर्व्हरला वाटतं, कुणीतरी पट्ट्यांची यादी मागतंय. तो इमानदारीत यादी देतो, २०० सकट. ॲपला २०० दिसतो आणि ते हिरवी खूण दाखवतं. कुणीच खोटं बोललेलं नसतं आणि नोंद तरी गेलेली असते.

डीबग (चुका उघड दाखवणारी सेटिंग) चालू असताना जँगो याच प्रसंगी पोस्ट, पुट, पॅचसाठी सरळ रनटाइम एरर फेकतं आणि स्लॅश विसरलात असं स्पष्ट सांगतं. डीबग बंद असेल तर गुपचूप ३०१. आमचा चाचणीचा सर्व्हरही डीबग बंद ठेवून चालत होता, म्हणून आम्हाला आधी कळलं नाही. तुमचा कसा आहे ते बघा.

तर आज करायचं काम. आधी लॉगमधून पोस्ट आणि ३०१ एकत्र असलेल्या सगळ्या ओळी वेळेसकट काढा. जितक्या ओळी, साधारण तितक्या नोंदी गेल्या आहेत. त्यांचा मजकूर परत मिळणार नाही, कारण तो सर्व्हरनं कुठेच ठेवलेला नसतो. पण वेळ हातात आली की दुकानातल्या कच्च्या चिठ्ठ्यांशी ताळा घालता येतो. हे काम मुनीमाजवळ बसून तुम्ही स्वतः करा, फोनवरून सांगून उरकू नका.

मग ॲपमधला पत्ता दुरुस्त करा, आणि तेवढ्यावर थांबू नका. ॲपमध्ये रीडायरेक्टमागे आपोआप जाणं बंद करून टाका. नोंद साठवण्याच्या विनंतीला रीडायरेक्ट येणं म्हणजेच काहीतरी बिघडलंय, आणि ते वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे. हिरवी खूणही फक्त २०१ आल्यावर, म्हणजे नवीन नोंद खरोखर तयार झाल्यावर, आणि उत्तरात पट्टीचा क्रमांक असेल तरच दाखवा. कुठलाही २०० चालेल ही ढिलाई आम्हाला महागात पडली.

सर्व्हरच्या बाजूला एपीआयसाठी, म्हणजे ॲप ज्या पत्त्यांशी बोलतं त्या भागासाठी, माझा नियम असा: लिहिणाऱ्या विनंतीला रीडायरेक्ट द्यायचा नाही. एकतर दोन्ही रूपं सारखीच स्वीकारायची, म्हणजे पॅटर्नमधला शेवटचा स्लॅश ऐच्छिक ठेवायचा, नाहीतर चुकीच्या रूपाला स्वच्छ ४०४ (असा पत्ताच नाही) द्यायचा. तुमच्यासाठी मी पहिला मार्ग सुचवेन. जुनी ॲप आधीच लोकांच्या फोनमध्ये आहेत, आणि मोंढ्यातला प्रत्येक जण अपडेट करेल यावर विसंबता येत नाही. अगदी नवीन, कुणी न वापरलेला एपीआय असता तर मी दुसरा मार्ग घेतला असता. ४०४ मुळे चूक पहिल्याच दिवशी सापडते.

इथे कुणीतरी ३०८ सुचवेल. २०१५ पासून तो मानकात आहे आणि ३०१ शी त्याचा फरक नेमका हाच, की पोस्टचा पोस्टच राहतो, मजकूरही सोबत जातो. ३०७ हा त्याचा तात्पुरता भाऊ. दोन्ही कामाचे आहेत. पण एपीआयसाठी मी त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही. दर नोंदीला नेटवर्कची एक फेरी वाढते, आणि दुसऱ्या डोमेनवरच्या पानातून विनंती जात असेल तर ब्राउझर आधी परवानगीची प्राथमिक विनंती पाठवतो, तिला रीडायरेक्ट मिळाला की तो तिथेच थांबतो. कन्सोलमध्ये कॉर्सची (दुसऱ्या डोमेनला परवानगी देण्याच्या नियमांची) एरर दिसते आणि माणूस दिवसभर कॉर्सच्या सेटिंगा उलटसुलट करत बसतो. मूळ दुखणं स्लॅशचं असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. स्लॅशचा अर्थ काय? मानकाच्या लेखी /भाव/लातूर आणि /भाव/लातूर/ हे दोन वेगळे पत्ते आहेत, दोन्हीकडे एकच पान द्यायचं की नाही हे सर्व्हरनं ठरवायचं. अपवाद मुखपृष्ठाचा. डोमेनच्या नावापुढे काही नसेल तर तिथे स्लॅश लिहा किंवा न लिहा, विनंती सारखीच जाते. सुरुवातीच्या वेबवर पत्ता म्हणजे डिस्कवरची फाइल किंवा फोल्डर असायचा, आणि फोल्डरच्या पत्त्याला शेवटी स्लॅश असायचा. ती रीत अजून टिकून आहे. अपाचीत खरोखरच्या फोल्डरचा पत्ता स्लॅशशिवाय मागितला तर तो आपणहून स्लॅश लावून परत पाठवतो.

मी नवीन मुलांना हे वेशीवरून सांगते. /भाव/लातूर म्हणजे तुम्ही लातूरच्या वेशीबाहेर उभे आहात, /भाव/लातूर/ म्हणजे वेस ओलांडून आत आला आहात. आता पानात कुणी नुसती ‘सोयाबीन’ अशी सापेक्ष लिंक लिहिली. आत उभ्या माणसाला ती /भाव/लातूर/सोयाबीन इथे नेते. बाहेर उभ्या माणसाला ती /भाव/सोयाबीन इथे नेते, कारण सापेक्ष लिंक जोडताना ब्राउझर शेवटच्या स्लॅशनंतरचा तुकडा टाकून देतो. लिंक तीच आणि पान तेच, पण पोचण्याची जागा वेगळी. एका जिल्ह्याच्या पानावर चित्रं दिसतात आणि दुसऱ्यावर दिसत नाहीत, अशा तक्रारींच्या मुळाशी मला बऱ्याचदा हेच सापडलंय. म्हणून दोन्ही पत्त्यांवर तेच पान २०० नं देणं हा मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. एपीआयमध्ये तो चालतो, कारण तिथे पान नसतं, सापेक्ष लिंका नसतात. माणसानं वाचायच्या पानाला एकच पत्ता असावा.

कोणता, ते तुमच्या फ्रेमवर्कवर अवलंबून आहे, आणि मी तरी फ्रेमवर्कच्या वळणाविरुद्ध जात नाही. जँगोची घडण स्लॅशची आहे. फ्लास्कमध्ये जसा नियम लिहाल तसं: नियमात शेवटी स्लॅश असेल तर स्लॅशशिवाय आलेल्याला तो रीडायरेक्ट करतो, नियमात नसेल तर स्लॅशवाल्याला ४०४. लाराव्हेलसोबत येणारी अपाचीची फाइल शेवटचा स्लॅश काढून टाकते. नेक्स्टही काढतं, पण एका सेटिंगनं उलटं करता येतं. एक्सप्रेस आणि रेल्स दोन्ही रूपं मुकाट्यानं स्वीकारतात, त्यामुळे तिथे रीडायरेक्ट तुम्हालाच लिहावा लागतो. फास्टएपीआय ३०७ देतं, पण पूर्ण पत्ता लिहून. पुढच्या प्रॉक्सीनं मूळ विनंती एचटीटीपीएस होती हे त्याला कळवलं नसेल, तर तो पत्ता साध्या एचटीटीपीचा निघतो आणि ब्राउझर तो अडवतो.

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कचं उदाहरण मुद्दाम वेगळं सांगते, कारण त्यात सुरक्षेचा धडा आहे. तिथे पूर्वी /प्रशासन साठी लिहिलेला कंट्रोलर /प्रशासन/ लाही उत्तर द्यायचा. पण सुरक्षेचा नियम काटेकोर जुळणीनं लिहिलेला असेल तर तो फक्त /प्रशासन लाच लागायचा. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं. २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्प्रिंग बूट ३ पासून ही मोकळीक मुळातच बंद झाली. त्या वेळी अपडेटनंतर अचानक ४०४ येऊ लागले म्हणून खूप जण वैतागले, पण बदल योग्यच होता. तुमच्या एनजिनएक्समध्ये एखाद्या पत्त्यावर पासवर्ड किंवा आयपीचं बंधन असेल, तर ते दोन्ही रूपांवर लागतंय का हे आजच तपासा.

एनजिनएक्सचा विषय निघालाच आहे तर तिथले दोन खड्डे दाखवते. पहिला प्रॉक्सी पासचा, म्हणजे विनंती पुढे कुठे पाठवायची हे सांगणाऱ्या ओळीचा. लोकेशन (नियम कुठल्या पत्त्यांना लागतो ते) /एपीआय/ आहे आणि प्रॉक्सी पासच्या पत्त्यात पोर्टनंतर काहीच नाही, तर /एपीआय/पट्ट्या/ हा पत्ता जसाच्या तसा जँगोकडे जातो. त्याच ओळीच्या शेवटी तुम्ही एक स्लॅश लावलात, की एनजिनएक्स /एपीआय/ एवढा भाग काढून त्या जागी / ठेवतो आणि जँगोला नुसतं /पट्ट्या/ दिसतं. एका अक्षरानं सगळा पत्ता बदलतो. दोन्ही प्रकार योग्य आहेत, पण कुठला हवाय ते ठरवून लिहा. दुसरा खड्डा एलियसचा, म्हणजे पत्त्याला डिस्कवरचं फोल्डर जोडणाऱ्या ओळीचा. लोकेशन /स्थिर असं स्लॅशशिवाय लिहून एलियसला शेवटी स्लॅश दिला, तर /स्थिर पुढे लगेच दोन टिंबं लावून कुणीही त्या फोल्डरच्या एक पायरी वर चढू शकतो आणि तुमच्या फाइली वाचू शकतो. एलियसला शेवटी स्लॅश असेल तर लोकेशनलाही असावा, ही जोडी फोडू नका.

आणि स्लॅश लावण्या-काढण्याचं काम एकाच थराकडे द्या. एनजिनएक्स काढतोय आणि जँगो लावतोय असं झालं तर पान दोघांच्या मध्ये झोके घेत राहतं. क्रोम वीस उड्यांनंतर प्रयत्न सोडतो. स्वतः रीडायरेक्ट लिहिणार असाल तर सुरुवातीला दोन स्लॅश असलेल्या पत्त्यापासूनही जपा. दोन स्लॅशनंतरचा शब्द ब्राउझर डोमेन समजतो आणि तुमचा रीडायरेक्ट माणसाला भलत्याच साइटवर नेऊ शकतो. जँगोच्या याच मिडलवेअरमध्ये असा दोष सापडला होता आणि २०१८ मध्ये तो दुरुस्त झाला. म्हणून जिथे फ्रेमवर्कची तयार सोय आहे तिथे मी स्वतःची लिहीत नाही.

आता गूगल. गूगल दोन पत्त्यांना दोन पानं धरतं, आणि त्यातलं कुठलं दाखवायचं ते स्वतः ठरवतं. शिक्षा वगैरे काही होत नाही, ती भीती सोडा. पण तुमच्याकडे जँगो ३०१ देत असताना दोन्ही पानं दिसतात, म्हणजे कुठेतरी दोन्ही रूपांना २०० मिळतोय. बहुधा कुणीतरी पॅटर्नमध्ये स्लॅश ऐच्छिक केलाय, किंवा भावाची पानं एनजिनएक्स थेट कॅशमधून देतोय. ते शोधा. मग स्लॅशशिवायच्या पानाला ३०१, प्रत्येक पानात कॅनॉनिकल लिंक (या पानाचा खरा पत्ता हाच, असं गूगलला सांगणारी), साइटमॅपमध्ये (गूगलला द्यायच्या पानांच्या यादीत) फक्त स्लॅशवाले पत्ते. टेम्प्लेटमध्ये हातानं लिहिलेल्या लिंका सगळ्या काढून जँगोच्या यूआरएल टॅगनं करा. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पत्ता एकाच ठिकाणी तयार होत असेल तर तो चुकला तरी एकाच ठिकाणी दुरुस्त होतो.

मराठवाड्यात साइट चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आणि जिल्हावार पानं असलेल्या प्रत्येक साइटला पत्ते बदलावे लागले. अशा साइटींवर मी पाहिलेली रांग सांगते. जुन्या एसएमएसमधली लिंक उघडली की आधी एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढण्यासाठी एक उडी, मग उस्मानाबादला स्लॅश, आणि मग तिथून धाराशिव. पानाचं एक अक्षर दिसण्याआधी चार फेऱ्या. ऑफिसच्या फायबरवर हे जाणवत नाही. भूमच्या डोंगराळ भागात, एकच दांडी रेंज असताना, बांधावर उभ्या माणसाला जाणवतं. जुन्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत एकच उडी असावी. त्यासाठी नामांतराचा नियम स्लॅशच्या नियमाआधी लिहा, दोन्ही रूपं त्यात पकडा आणि थेट अंतिम पत्ता द्या, एचटीटीपीएस आणि स्लॅश सकट.

तुम्ही पत्तेच देवनागरीत ठेवायच्या विचारात असाल तर ठेवा, ब्राउझर नीट दाखवतात. फक्त नेटवर्कवरून जाताना प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्क्याच्या (%) रूपात नऊ अक्षरांचं होतं, त्यामुळे ‘लातूर’ ची पंचेचाळीस अक्षरं होतात. रीडायरेक्टचा पत्ता हातानं जोडू नका, लायब्ररीकडून करून घ्या, आणि लॉग वाचताना ते आधी उलगडून घ्या.

हे बदल लगेच ३०१ नं सुरू करू नका. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीचा ३०१ गेला तर सर्व्हर दुरुस्त केल्यावरही त्या फोनवर जुनाच रस्ता राहतो, आणि मोंढ्यातल्या माणसाला कॅश साफ करा म्हणून फोनवर समजावणं किती अवघड असतं ते मी अनुभवलंय. पानांसाठी आठवडाभर ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) ठेवा, लॉग बघा, मग ३०१ करा. तसंच, गेली पाच वर्षं एखादी साइट स्लॅशशिवाय नीट चालली असेल, तर केवळ माझं किंवा तुमच्या मित्राचं ऐकून ती उलटवू नका. जुन्या लिंका व्हॉट्सॲपवर, छापील पावत्यांवरच्या क्यूआरमध्ये, कुठे कुठे पसरलेल्या असतात.

तुमच्यासाठी थोडक्यात: पानांना स्लॅश, कारण जँगो आहे, एपीआयला दोन्ही रूपं चालू, रीडायरेक्ट अजिबात नाही, रीडायरेक्टचं काम फक्त जँगोकडे, एनजिनएक्समधले तसे नियम काढून टाका. मग कमांड लाइनवरून कर्लनं चार विनंत्या करून बघा, रीडायरेक्टमागे न जाता फक्त हेडर बघायचे: भावाचं पान स्लॅशसह (२०० हवा), स्लॅशशिवाय (एकच उडी हवी, प्रश्नचिन्हानंतरचा भाग शाबूत हवा), आणि पट्टीची चाचणी नोंद दोन्ही रूपांत (दोन्हीकडे २०१ हवा). यातलं काही वेगळं आलं, तर त्या विनंतीचे हेडर आणि एनजिनएक्सचा लोकेशनचा भाग पासवर्ड काढून इथे टाका. मी रात्री नऊनंतर बघते.